फौजी पाद्रींसाठी वेदी: एका पेटीच्या नोंदी

९ जून
आजऱ्याकडचे एक फादर आज आमच्या सुतारकामाच्या दुकानात आले. सैन्यात धर्मशिक्षक आहेत, हुद्दा नायब सुभेदार. जवानांसाठी पंडित, ग्रंथी, मौलवी असतात, तसेच ख्रिस्ती जवानांसाठी पाद्री. सुट्टीवर आलेत. अण्णांनी केलेला देव्हारा त्यांनी कुणाच्या तरी घरी पाहिला होता, तो माग काढत कोल्हापुरात शुक्रवार पेठेत पोचले.

त्यांना हवी आहे वेदी, पण हातात धरून नेता येईल अशी. युनिटच्या ठिकाणी सर्व धर्म स्थळ असतं, तिथे अडचण नाही. वरच्या चौक्यांवर मात्र झारखंडची, केरळची, नागालँडची दोन-चार पोरं असतात आणि त्यांच्यापर्यंत फादर स्वतः चढून जातात. आजवर मिस्सा, म्हणजे वेदीवरची भाकरी-द्राक्षारसाची उपासना, कधी पत्र्याच्या ट्रंकेवर केली, कधी दारूगोळ्याच्या खोक्यावर. मी विचारलं, ते चालतं का? "चालतं. चर्चबाहेर साधं टेबल असलं तरी धर्मनियमात बसतं. पांढरं कापड, प्याल्याखालचा रुमाल, क्रूस आणि मेणबत्त्या पाहिजेत. पण दादा, मिस्सा संपली की खोकं परत दारूगोळ्याचं होतं. मला अशी चार वीत जागा पाहिजे जी दुसऱ्या कशासाठीच वापरायची नाही."

पोस्टिंग कुठे आहे ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझे मामा सैनिक टाकळीचे, मराठा लाइट इन्फंट्रीत होते, त्यामुळे एवढी रीत घरात ठाऊक आहे. थंडी कडक, हवा कोरडी आणि शेवटचा टप्पा पायी, इतकं कळलं. अटी दोनच. सगळ्या सामानासकट वजन आठ किलोच्या आत आणि हातमोजे न काढता उघडता आली पाहिजे.

अण्णा आतून ऐकत होते. बाहेर येऊन विचारलं, "यात देव कुठं बसवायचा?"
फादर म्हणाले, "बसवायचा नाही अण्णा. तो येतो. आपण फक्त टेबल मांडून ठेवायचं."
अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे देव्हारा नव्हं, पाट हाय." माझ्या डोक्यात पूर्ण पेटी त्या एका शब्दाने बदलली. मी मनात कळस आणि कमानी कोरायला घेतल्या होत्या.

१३ जून
फादरांनी जुन्या पेट्यांचे फोटो दाखवले. सगळ्यात जुनी गोष्ट इंग्लंडच्या डरहॅममधली, सेंट कथबर्टची वेदी. सातव्या शतकातली ओकची छोटी फळी, नंतर तिला चांदीचा पत्रा चढवला. १८२७ मध्ये त्यांची शवपेटी उघडली तेव्हा आत सापडली. तेराशे वर्षांपूर्वीची फळी! तीही कुणीतरी रंधा मारून सपाट केली असणार.

पूर्वी अशा फिरत्या वेदीला आशीर्वादित दगड लागायचा. त्यात हुतात्म्यांचे अवशेष बंद केलेले आणि वर पाच क्रूस कोरलेले, चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक. ख्रिस्ताच्या पाच जखमांची ती खूण. आताच्या नियमात फिरती वेदी कुठल्याही भक्कम, शोभेल अशा वस्तूची चालते. नुसतं लाकूडही पुरतं. फादरांना तरी दगड हवा आहे, अवशेषांविना, नुसते पाच क्रूस. वजन वाढेल म्हटलं. म्हणाले, "प्याला ठेवताना खाली काहीतरी न हलणारं आहे हे बोटांना कळतं."

२१ जून
प्लायवूडचा नमुना केला. जुन्या फोटोंत असतं तसंच. झाकण उघडलं की मागे उभं राहतं, त्याच्या आतल्या बाजूला क्रूस, पुढे टेबल. दिसायला फार देखणा झाला होता. फादर त्याच्यामागे उभे राहिले, हात पसरले आणि थांबले.
"दादा, समोर कोण दिसतंय?"
"झाकण."
"आणि पोरांना मी?"

इथे आमची चूक कळली. जुन्या पेट्या केल्या त्या काळी पाद्री लोकांसारखाच वेदीकडे तोंड करून उभा राहायचा, लोक त्याच्या पाठीमागे. तेव्हा उभं झाकण बरोबर होतं. कॅथलिक चर्चची मोठी सभा, दुसरी व्हॅटिकन परिषद, १९६२ ते १९६५ मध्ये झाली, त्यानंतर बहुतेक ठिकाणी पाद्री वेदीपलीकडून लोकांकडे तोंड करून मिस्सा करतो. आता तेच झाकण मधली भिंत होतं. चार जवान बंकरमध्ये गुडघ्यावर बसलेत आणि त्यांना फादरांच्या जागी सागवान दिसतंय, असं चित्र डोळ्यांपुढे आलं. नमुना मोडला.

२४ जून
रात्री झोप नाही, सकाळी आराखडा सापडला. बुद्धिबळाची घडीची पेटी असते तशी. दोन सारखे भाग, प्रत्येक तीन इंच खोल. बंद असताना १८ बाय १२ इंच आणि सहा इंच उंच. उघडून सपाट पसरली की १८ बाय २४ चं टेबल. दोन्ही भागांत काठाबरोबर बसणारी आतली फळी, ती उचलली की खाली सामानाचे कप्पे.

बिजागरीची फट मात्र आडवी जायला हवी. उभी गेली तर ती बरोबर मधोमध येते, नेमकी प्याला ठेवायच्या जागी. आडवी ठेवली की पाद्रीकडचा भाग अखंड राहतो, दगड आणि प्याला तिथे. लोकांकडच्या भागात क्रूस आणि दोन मेणबत्त्या, ठेंगण्या, कुणाच्या नजरेआड न येणाऱ्या.

फादरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "हां. आता पोरं दिसतात."

३० जून
लाकूड. वखारीतून वाळलेलं म्हणून सागवान घेतलं. आणून मीटर लावला तर ओलावा १९ टक्के. पावसाळ्यात कोल्हापुरात लाकूड हवेचंच पाणी पितं हे खरं, पण वाळलेल्याला १९ दाखवत नाही. परत केलं.

अण्णांनी माळ्यावरची जुन्या वाड्याची तुळई दाखवली. साठ वर्षं तरी छपराखाली होती. खिळे काढायला दोन तास लागले. चिरल्यावर आतून मधाचा रंग निघाला आणि तो वास आला, सागवानाचा, तेलकट, किंचित कडवट. मीटर १३.

६ जुलै
फादरांना घेऊन चामड्याच्या कारागिरांकडे गेलो. पट्टे कोल्हापुरी चपलेच्याच चामड्याचे करायचे. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं, रसायनाचं नव्हे. कारागीर आजी होत्या. कातड्याचा तुकडा उन्हाकडे धरून बघायच्या, अंगठ्याने दुमडायच्या, दुमडीवर पांढरी रेघ उठली की बाजूला टाकायच्या. सहा तुकडे टाकले, सातवा घेतला. कडी-कोयंड्याऐवजी दोन पट्टे आणि रुंद पितळी बकल, हातमोज्यातल्या बोटांनी सोडता येईल असं. आतल्या फळ्यांनाही मूठ नाही, चामड्याचे फास. हातमोज्याचं बोट आत जाईल एवढे.

आजी कातडं कापत होत्या तेव्हा फादरांनी संत मार्टिनची गोष्ट सांगितली. रोमन फौजेतला शिपाई. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपला झगा तलवारीने अर्धा कापून दिला. पुढे तो झगा राजे लोक पवित्र ठेव म्हणून जपू लागले. झग्याला लॅटिनमध्ये कापेला, त्याचे राखणदार ते कापेलानी. चॅप्लन आणि चॅपल हे दोन्ही शब्द त्या झग्यातून आले. आजींनी मान वर न करता विचारलं, "आन् उरलेला अर्धा त्यानं सोताला ठिवला न्हवं?" फादर हो म्हणाले. "मग शाना हुता. दोघंबी जगली."

१२ जुलै
फादर ड्यूटीवर परत गेले. आता सगळं फोनवर, तेही रेंज असेल तेव्हा.

२० जुलै
पाण्याचा विचार. फादरांनी जाता जाता फ्रान्सिस सॅम्पसन यांचं नाव सांगितलं होतं. अमेरिकन फौजेचे कॅथलिक पाद्री, १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनबरोबर ६ जून १९४४ ला नॉर्मंडीत पॅराशूटने उतरले, ते थेट डोक्याच्या वर असलेल्या पाण्यात. बुडू नये म्हणून अंगावरचं सामान कापून टाकावं लागलं, त्यात मिस्सेची पिशवीही गेली. काठाला लागल्यावर ते परत त्याच जागी आले आणि पुन्हा पुन्हा डुबक्या मारून पिशवी शोधून काढली. गोळीबार चालू असताना.

हे ऐकल्यापासून पेटी तरंगली पाहिजे असं मनात बसलं आहे. फादरांनी ते मागितलेलं नाही.

पाणी लाकडाचं काय करतं हे आम्ही पाहिलंय. ऑगस्ट २०१९, पंचगंगेचा पूर. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोका पातळी, ती कधीच मागे पडली होती. आधी सुतारवाडा, मग आमची गल्ली. पाणी उतरल्यावर दुकान उघडलं तर अण्णांचे सरसाने चिकटवलेले तीन देव्हारे सुटे होऊन चिखलात पसरले होते, जणू कुणी मुद्दाम उकलून ठेवलेत. सरस पाण्यात विरघळतो, दुसरं काय होणार! पण एक लहान देव्हारा शाबूत होता. त्याचे कोपरे डव्हटेलचे होते, म्हणजे पक्ष्याच्या शेपटीसारखे दाते एकमेकांत अडकवलेले, आणि त्यात अण्णांनी बांबूच्या खिळ्या मारल्या होत्या. सरस गेला, जोड राहिला.

म्हणून ही पेटी डव्हटेलची, बांबूच्या खिळ्यांची, आणि वर पाण्यात न सुटणारा डिंक. डिंक गेला तरी उभी राहील.

२ ऑगस्ट
आठ कोपरे, प्रत्येकी तीन शेपट्या. हातकरवतीने कापल्या. यंत्राने एका दुपारी झाल्या असत्या. मला सहा दिवस लागले. सातव्या कोपऱ्याला करवत रेघेच्या आत गेली, ती बाजू नव्याने केली.

१० ऑगस्ट
बाहेरच्या फळ्या. इथली हवा आणि तिथली हवा यांतला फरक इथे भरून काढायचा आहे. माझ्या हिशेबाने ११ इंच रुंदीची फळी इथून त्या कोरड्या थंडीत गेली की एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, तरी आकसणार. चारी बाजूंनी डिंक लावून जखडली तर मधून फाटेल, बंदुकीसारखा आवाज करून. म्हणून खोबणीत सैल सोडली आहे, फक्त मधल्या बिंदूला एक खिळी. दोन्हीकडे एकेक सूत मोकळीक. जुन्या दाराच्या चौकटीत दिलहे, म्हणजे सैल बसवलेल्या फळ्या, असतात तसंच. जुने लोक हे मीटरशिवाय करत होते.

१६ ऑगस्ट
दगड आला. काळा बेसाल्ट, पाच इंच चौरस, तीन सूत जाड, वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. पाथरवटाने पाच क्रूस इतके बारीक कोरलेत की डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळतात. मधल्या क्रूसाच्या एका भुजेला कण उडालाय. तो म्हणाला दुसरा करून देतो. मी नको म्हटलं आणि रात्रभर ते बोचत राहिलं. सकाळी जाऊन दुसरा करायला सांगितला. ही वस्तू वर्षानुवर्षं एका माणसाच्या हाताखाली असणार आहे, त्याचं बोट रोज त्या खळग्यात जाणार.

दगड आकसत नाही आणि लाकूड आकसतं. चारी बाजूंना पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवली, खालून पितळी पट्ट्यांनी धरला.

२३ ऑगस्ट
माझा एक हट्ट मोडला. शिसवीचा प्याला लेथवर कातून ठेवला होता, फोटो पाठवला. फादरांचा निरोप आला की लाकडाचा चालणार नाही, प्याल्याची वाटी द्रव शोषणारी नसावी. त्यात द्राक्षारस असतो आणि त्यांच्या श्रद्धेनुसार तो ख्रिस्ताचं रक्त होतो. त्याचा एक थेंबही लाकडाच्या नसांत मुरून राहता कामा नये. मला हे वाचून वाईट वाटलं नाही, उलट माणूस किती बारीक विचार करून वागतो ते कळलं.

प्याला आता हुपरीला. चांदीचा, पेला, गाठ आणि बूड असे तीन भाग आट्यांनी जोडायचे, म्हणजे चार इंच जागेत मावतो. आतून सोन्याचा मुलामा, सोन्यापेक्षा कमी मोलाच्या धातूला तो देतात. शिसवीच्या प्याल्याची बैठक कापून क्रूसाची बैठक केली.

गणपतीमुळे दुकान बंद. पुढची नोंद नंतर.

११ सप्टेंबर
पहिलं वजन. सगळं भरून ८ किलो ९००. नऊशे ग्रॅम जास्त! चारही फळ्या चार सुतांच्या आहेत, त्या तीन सुतांवर आणायच्या. दिवसभर रंधा. ढलप्या पोत्यात भरून तोलल्या, किलोभर निघाल्या. आता ७ किलो ८५०.

१५ सप्टेंबर
कापडं घरी शिवली. वरचं इचलकरंजीचं सुती, जाड विणीचं. प्याल्याखालचा रुमाल बायकोने केला आणि त्याच्या घडीवर आमचं अर्धा तास बोलणं झालं. तो तीनात तीन अशी नऊ चौकटींची घडी घालून ठेवतात, कडा आत. प्रसादाचा अगदी बारीक कण पडला तरी घडीत राहावा, बाहेर सांडू नये म्हणून. बायकोने घड्या इस्त्रीने पक्क्या केल्या आणि कडेची शिवण अशी घातली की घडीच्या रेघेवर जाड थर येत नाही. "नाहीतर कण शिवणीत अडकंल," म्हणाली. हे मला सुचलं नसतं.

२१ सप्टेंबर
पुतण्याला लोकरीचे दोन-दोन हातमोजे घातले, डोळ्यांवर रुमाल बांधला आणि म्हटलं, उघड. बकल नीट. फास नीट. मेणबत्तीची घरं उद्यमनगरात पितळेची कातून घेतलीत, ती फळीतल्या भोकात पाव फेरा देऊन बसतात, तीही नीट. द्राक्षारस-पाण्याच्या कुप्या मात्र निसटल्या. खण अर्धा इंच रुंद केले.

कुप्यांबद्दल फादर म्हणाले होते की पाणी गोठून काच फुटते, म्हणून त्या चढताना कोटाच्या आतल्या खिशात असतात. तरी पेटीत त्यांची जागा हवी.

२६ सप्टेंबर
पाण्याची परीक्षा, घरच्या हौदात. सामानाच्या वजनाची वाळू भरून सोडली. तरंगली, साधारण एक तृतीयांश पाण्यात. दोन तासांनी काढली, आत कोरडी. अण्णा हौदाच्या कठड्यावर बसून होते. उठताना पेटीवर हात ठेवला, दुसरं काही केलं नाही.

२८ सप्टेंबर
थंडीची परीक्षा आणि नापास. ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवली, उणे १८ अंश. सकाळी फळ्या ठीक, जोड ठीक, लाखेचं पॉलिश ठीक. पण काठाला लावलेली रबराची दोरी थिजून लाकडासारखी झाली आणि पेटी उघडेना. दोन माणसं लागली. वर डोंगरावर फादर एकटे असते तर? रबर उपटून सिलिकॉनची दोरी लावली, ती थंडीत मऊ राहते. पुन्हा एक रात्र. एका हाताने उघडली.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. हत्यारं मांडली, करवती, पटाशा, अण्णांचा जुना रंधा. पेटी त्यांच्यात ठेवायची का? अण्णा म्हणाले, विचार त्यांना. फोन लागला. फादर म्हणाले, "हत्यारांची पूजा तुमची, ती मनापासून करा. पेटीला अजून आशीर्वाद झालेला नाही, तोवर ती तुमचं काम आहे. जिथं तुमचं काम ठेवता तिथं ठेवा." अण्णांनी ती हत्यारांशेजारी स्वच्छ पाटावर ठेवली. हळदकुंकू हत्यारांना लावलं. पेटीसमोर फक्त झेंडूचं एक फूल.

१७ नोव्हेंबर
फादर चार दिवसांच्या रजेवर. आज दुकानात आम्ही कुणीच काही न बोलता त्यांना पेटी दिली. त्यांनी पट्टे सोडले, पेटी पसरली, कापड अंथरलं, रुमाल नऊ चौकटींच्या घडीतून उलगडला, प्याला जोडला. मग अंगठा मधल्या क्रूसावर ठेवून तसेच उभे राहिले. नंतर सगळं उलट्या क्रमाने आत. मी घड्याळ लावलं होतं, पण बघायचं विसरलो.

आशीर्वाद गावी आजऱ्याला होणार आहे.

११ जानेवारी
फादरांचा निरोप, आठवड्यापूर्वी पाठवलेला, आज पोचला. नाताळची मिस्सा तीन चौक्यांवर झाली. पेटी अडकली नाही, फळी फाटली नाही. पाद्रीकडची आतली फळी आकसून थोडी सैल झाली आहे, चालताना आत वाजते.

हिशेबात एक सूत धरलं होतं, तिथे दीड गेलं असावं. लोकरीच्या नमद्याच्या दोन पट्ट्या कापल्या, ११ इंच लांब, सूतभर जाड, एका बाजूला गोंद लावून वर कागद. पाकिटात घातल्या, सोबत कुठल्या कडेला लावायच्या त्याचं चित्र. उद्या पोस्टात.